दिपिकाच्याच आवाजात

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी खांब गावाहून एक टेम्पो हमरापुरात आला आणि दिपिकाच्या कारखान्यासमोर थांबला. दिपिका तेव्हा ओट्यावर बसून एका मूर्तीच्या शेल्याला सोनेरी काठ काढत होती. हमरापुरात घरटी गणपतीचे कारखाने, त्यामुळे या दिवसांत टेम्पो येणं काही नवीन नव्हतं. तिनं मान वर केली आणि पुन्हा कामाला लागली.

टेम्पोतून एक उंच, सावळा माणूस उतरला. मागच्या हौद्यात धुऊन पुसलेले लाकडी पाट एकावर एक रचले होते, वर नवे कोरे रुमाल घडी करून ठेवलेले.

"ताई, खांबवरनं आलोय. काळुराम," तो हसत म्हणाला. "आमच्या आळीच्या मूर्ती न्यायला."

दिपिकानं ब्रश पाण्यात टाकला. तिच्याकडे मूर्ती ठरली की गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी मूर्तीच्या मनगटाला दोऱ्यानं बांधली जायची. खांबची एकही चिठ्ठी नव्हती.

"भाऊ, तुमचं चुकतंय. बाजूच्या कारखान्यात ठरवल्या असतील."

काळुरामला वाटलं, ताई मस्करी करतायत. "काल तर बोललात माझ्याशी. दुपारनंतर या म्हणालात."

"मी?"

त्यानं खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. वर दिपिकाच्या कारखान्याचं नाव होतं, तिनंच काढलेला दारातल्या मोठ्या मूर्तीचा फोटो होता आणि खाली तिचाच नंबर होता. नंबराचे आकडे तिनं दोनदा वाचले. आत महिनाभराचं बोलणं होतं. काळुरामनं आळीतल्या घरांसाठी मूर्ती विचारल्या होत्या. तिच्या नंबरावरून त्याला फोटो गेले होते, आणि ते खरोखर तिच्याच मूर्तींचे फोटो होते. मागे इंदुबाईंचा स्टूल दिसत होता. भाव ठरला होता, पैसे एका कोडवर पाठवायला सांगितले होते, आणि त्यानं ते पाठवलेही होते.

दिपिकानं आपला फोन घेतला आणि त्याचा नंबर शोधला. काहीच नव्हतं. ना बोलणं, ना फोटो. जणू या माणसाशी तिच्या फोनचा कधी संबंधच आला नव्हता.

"माझ्याकडे तर काय नाय," ती म्हणाली.

"ताई, मी फसवाफसवी करणारा मानूस नाय," काळुराम हळूच म्हणाला. आता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "तुम्ही बोलला ते तरी ऐका."

त्यानं फोनवर बोट ठेवलं आणि ओट्यावर दिपिकाचा आवाज घुमला.

"काळुरामभाऊ, तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुमच्या मूर्ती मी स्वतः बाजूला काढून ठेवल्या आहेत. सासूबाईंनी डोळे रेखले की झालं. माझ्या मनस्वीची शपथ, तुमची आळी रिकाम्या हाती जाणार नाही."

"आले गो आई," घराच्या आतून मनस्वी ओरडली. आठ-नऊ वर्षांची पोर, गणपतीच्या सुट्टीमुळे घरीच होती. आईनं आपलं नाव घेतलं असं समजून ती ओलं तोंड पुसत पळत बाहेर आली. "काय गो? हाक मारलीस?"

दिपिका फोनकडे बघत उभी होती. आवाज तिचा होता. तिच्यासारखा नव्हे, तिचाच. वाक्याच्या मध्ये ती जसा पटकन श्वास घेते तो श्वाससुद्धा तिचा होता. रंगकाम करणाऱ्या दोघी बायकांचे हात थांबले होते.

इंदुबाई, तिची सासू, आतल्या बाजूला मूर्तींची आखणी करत होत्या. मूर्तीचे डोळे काढण्याचं हे काम त्या घरात दुसऱ्या कुणाला करू देत नसत. त्यांनी बारीक ब्रश खाली ठेवला आणि सुनेकडे पाहिलं.

"दिपे, पोरीची शपथ कशाला घातलीस गो?"

"आई, मी नाय बोलले हे."

"मग कोन बोललं?"

दिपिकानं काळुरामला ओट्यावर बसवलं, मनस्वीला चहा टाकायला आत पाठवलं. सोनेरी रंगाचा एक थेंब साडीवर पडला होता.

तिचा नवरा मिथुन रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत होता. पहिली शिफ्ट संपवून तो आला तेव्हा कारखान्यात सगळे गप्प बसलेले बघून त्याला आधी वाटलं, मूर्ती फुटली. काळुरामनं त्याला सगळं सांगितलं. न चिडता सांगितलं, आणि तेच दिपिकाला जास्त लागलं. माणूस भांडला असता तर तिलाही भांडता आलं असतं.

मिथुननं आवाज ऐकला. मग पुन्हा ऐकला.

"तू इसरली तर नाय ना?" त्यानं बायकोला विचारलं. "या दिवसात कामाचा रगाडा असतो. कुनाला काय बोलतो, ध्यानात राहत नाय."

"मी मनस्वीची शपथ घालून इसरेन?"

तो हळू आवाजात म्हणाला, "पैसे गेले ते खातं कुनाचं हाय, दिपिका?"

तिला आधी त्याचा प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ती भिंतीला टेकली. नवऱ्याला वाटत होतं की तिनं गुपचूप दुसरं खातं उघडलंय. तेरा वर्षं एका घरात राहून त्याला असं वाटलं होतं. आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? तिचा आवाज तिच्याविरुद्ध साक्ष देत होता. एका क्षणी तर तिलाच वाटलं, आपण हे बोललो असू का? तापात, झोपेत, कधीतरी?

"लाव रं परत," इंदुबाई काळुरामला म्हणाल्या.

त्यानं लावलं.

"आजून येकदा."

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. ऐकून झाल्यावर त्या पदरानं हात पुसत उठल्या आणि मुलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ही दिपी नाय."

"आय, आवाज ऐकतेस ना तू?"

"आवाज हिचाच हाय. पन ही फोनातली मला सासूबाई म्हनते. दिपीनं मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून आईच म्हटलंय. आनि डोळे रेखले म्हने. आपल्या गावात कोन डोळे रेखतं? आपन आखणी करतो. वर 'आहेत' आनि 'नाही' म्हनते. आपल्या घरात कधी ऐकलंस?" त्या सुनेकडे वळल्या. "आवाज हिचा हाय, बोलनारं दुसरंच कोनतरी हाय."

मिथुननं मान खाली घातली. दिपिकाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिच्या अंगावर काटा आला. कुणीतरी तिचा आवाज घेऊन बसलं होतं. त्याला तिच्या मुलीचं नाव माहीत होतं. कारखान्याचा कानाकोपरा माहीत होता. आणि ते कोण, कुठे बसलंय, हे तिला माहीत नव्हतं.

ती, मिथुन आणि काळुराम असे तिघं टेम्पोतूनच पेणला पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या एका महिला अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. सायबर तक्रारीच्या नंबरावर आधी तक्रार नोंदवून घेतली, म्हणजे काळुरामचे पैसे कुठे अडवता आले तर अडवता येतील. मग तिनं दिपिकाचा फोन मागितला. व्हॉट्सअॅप उघडून कोपऱ्यातली तीन टिंबं दाबली आणि एका पानावर येऊन थांबली.

"घरी कॉम्प्युटर आहे का तुमच्या?"

"नाय."

"कारखान्यात? ओळखीच्या कुणाकडे?"

"नाय मॅडम. आमचं सगळं फोनवरच."

अधिकाऱ्यानं फोन तिच्याकडे वळवला. लिंक केलेल्या डिव्हाइसच्या पानावर एका कॉम्प्युटरची नोंद होती. खाली लिहिलं होतं की तो आज दुपारीच वापरात होता.

"तुमच्या फोनवर जे येतं-जातं ते सगळं या कॉम्प्युटरवर दिसतंय. तिथे बसलेला माणूस तुमच्या नंबरावरून बोलतोय, ते बोलणं आवाज बंद करून बाजूला लपवतोय आणि काम झालं की पुसून टाकतोय. तिथे पुसलं की तुमच्याकडेही पुसलं जातं. आवाजाचं म्हणाल तर तुम्ही गिऱ्हाइकांना आवाजात निरोप पाठवता ना? व्हिडिओ टाकता? तेवढ्यावर आजकाल मशीन हवं ते बोलवून घेतं." ती थांबली. "हे आपोआप होत नाही. तुम्ही कुठेतरी हा कोड स्कॅन केलाय. आठवा."

दिपिकाला आठवावं लागलं नाही.

उन्हाळ्यात रोह्याला एका हॉलमध्ये छोट्या धंदेवाल्या बायकांचा मेळावा झाला होता. एकमेकींच्या ओळखी व्हाव्यात, माल कसा विकायचा ते कळावं म्हणून. कुणी लोणची करणारी, कुणी शिवणकाम, कुणी केक, कुणी पोह्याचे पापड. शिकवायला विशाल नावाचा तरुण आला होता. निळा सदरा, मृदू बोलणं, प्रत्येकीला ताई म्हणायचा. "मार्केटिंग म्हणजे दुसरं काही नाही, ताई. लोकांनी तुम्हाला ओळखलं पाहिजे," असं तो सांगायचा. आणि त्यानं शिकवलेलं खरंच उपयोगी पडलं होतं. मूर्तीचा फोटो कुठल्या उजेडात काढायचा, व्हिडिओत स्वतः बोलायचं, घरातली माणसं दाखवायची, म्हणजे विश्वास बसतो. त्या व्हिडिओंमुळे तिला पहिल्यांदा नाशिकचं गिऱ्हाईक मिळालं होतं. मनस्वी तर तिच्या प्रत्येक व्हिडिओत होती.

शेवटी विशालनं सगळ्यांचा एक ग्रुप करायचा म्हणून एकेकीला पुढे लॅपटॉपपाशी बोलावलं होतं. तीन टिंबं दाबा, कोडवर फोन धरा, बोट ठेवा. प्रत्येकीसाठी तो नवी खिडकी उघडत होता. दिपिकाला हे पटकन जमलं म्हणून त्यानं तिला शेजारी उभं केलं होतं. "ताई, बाकीच्यांना मदत करा ना." म्हाताऱ्या बायकांचे हात हलत होते. दिपिकानं त्यांचे फोन धरले होते, त्यांची बोटं धरून काचेवर ठेवली होती.

हे सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की अधिकाऱ्याला पुढे वाकावं लागलं.

"किती जणी होत्या?"

"हॉल भरला होता."

अधिकारी लिहिता लिहिता थांबली. तिनं विशालचा नंबर लावून पाहिला. बंद. त्या दिवशीचे फोटो ग्रुपवर होते. सगळ्या बायका रांगेत उभ्या होत्या, हातात प्रशस्तिपत्रं. दिपिका एकेक फोटो पुढे सरकवत गेली. विशाल कुठेच नव्हता. सगळे फोटो त्यानंच काढले होते. "मी काढतो ताई, तुम्ही सगळ्या उभ्या राहा," म्हणाला होता.

"मी आता ग्रुपवर टाकते सगळ्यांना," दिपिका घाईनं म्हणाली.

अधिकाऱ्यानं तिचा हात धरला. "टाकू नका. तुमच्या फोनातून त्याला आपण काढलंय. बाकीच्यांच्या फोनात तो बसलेलाच आहे. तुम्ही लिहाल ते तो आधी वाचेल. एकेकीला साधा फोन करा, नाहीतर गाठा. आम्ही आमच्या बाजूनं करतोच."

बाहेर आल्यावर टेम्पोपाशी मिथुन नुसता उभा राहिला. "मी तुला खात्याचं इचारायला नको होतं," तो म्हणाला. दिपिका टेम्पोत चढून फोन लावू लागली. पहिलीनं ऐकून विश्वास ठेवला नाही. दुसरीनं ऐकलं आणि म्हणाली, म्हणून माझ्या जावेनं बोलणं टाकलं होय, माझ्याकडून तिला काहीबाही गेलं असणार. तिसरी रडायला लागली. हमरापूर येईपर्यंत दिपिकाला कळून चुकलं होतं की आपल्या एकटीचं प्रकरण हे फार लहान आहे.

कारखान्यासमोर लोक जमले होते. मधल्या वेळात इंदुबाई शेजारच्या कारखान्यांत फिरून आल्या होत्या. त्यांनी कुणापाशी रडगाणं गायलं नव्हतं. "खांबची आळी आपल्या गावाच्या नावावर फसली. उद्या त्यांच्या घरात पाट रिकामा राहिला तर शोभा कुनाची?" एवढंच म्हणाल्या होत्या. ज्याच्याकडे ठरलेली नव्हती अशी मूर्ती होती त्यानं ती आणून ओट्यावर ठेवली होती. एक मूर्ती इंदुबाईंच्या माहेरच्या घरासाठी ठेवलेली होती. तिच्या मनगटाची चिठ्ठी त्यांनी सोडली होती.

काळुराम हे बघत उभा राहिला. मोबदल्याचं काय म्हणून त्यानं विचारलं तेव्हा इंदुबाई म्हणाल्या, "ते मागनं बघू. आधी पाट उतरव." मूर्ती पाटांवर चढल्या, तोंडावर रुमाल आले. टेम्पो सुटताना काळुरामनं हात जोडले, पण दिपिकाकडे बघताना त्याची नजर क्षणभर अडखळली. त्याच्या कानात अजून तो आवाज होता, हे तिला दिसलं.

एक फोन मात्र लागत नव्हता. कासूच्या बायजाबाईंचा. बायजाबाई साठीच्या, खाडीकडच्या, उभा जन्म मिठागरात काढलेल्या. आता पोह्याचे पापड करून विकायच्या. मेळाव्यात त्या सारख्या म्हणत होत्या, "माझ्याच्यानं नाय व्हायचं गो." दिपिकानंच त्यांचं मिठानं भेगाळलेलं बोट तीन-तीनदा काचेवर दाबलं होतं, ठसा उमटत नव्हता म्हणून.

दुसऱ्या दिवशी घरात गणपती बसला, आरती झाली, आणि दिपिका पेणहून गाडीनं कासूला गेली. सणाच्या दिवशी घर सोडून जाऊ नये असं कुणी म्हणालं नाही.

बायजाबाई मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. दिपिकाला बघून त्यांना आनंद झाला. "आज कशी आलीस गो? बस, मोदक खा."

"मावशी, तुमचा फोन कुठे हाय?"

फोन खिडकीत चार्जिंगला होता. आवाज बंद केलेला. "आरतीत वाजतो म्हनून पोरानं बंद केला," बायजाबाई म्हणाल्या. दिपिकानं फोन हातात घेतला आणि विशालचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काचेवर हालचाल झाली.

बायजाबाईंच्या मुलीला, नूतनला, निरोप जात होता. नूतन लग्न करून उरणला दिली होती. फोन दिपिकाच्या तळहातावर होता, कुणी त्याला बोट लावलं नव्हतं, आणि अक्षरं येत होती.

"नूतन, मी दवाखान्यात आहे. छातीत दुखतंय. फोन करू नकोस, इथे घेऊ देत नाहीत."

"कोनाचं काय आलं?" बायजाबाईंनी ओले हात पुसत विचारलं.

दिपिकानं फोन त्यांच्यापुढे धरला. त्याखाली आवाजाचा निरोप उमटला. तिनं नकळत त्यावर बोट ठेवलं. बायजाबाईंचा आवाज होता. तो रडत होता. "नूतन, बाय माझी, लवकर पैसे पाठव गं, हे लोक दाखल करून घेत नाहीत..."

बायजाबाई आपल्या अंगणात उभ्या राहून आपलं रडणं ऐकत होत्या. त्यांचा हात नळाच्या कठड्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"मी तर हितं हाय," त्या पुटपुटल्या. "मी कवा रडले अशी? मानूस गेला तवा पन नाय रडले."

खाली नूतनचं उत्तर आलं. आई काय झालं, कुठला दवाखाना, थांब, आता पाठवते. लगेच एक कोड गेला, यावर पाठव म्हणून. आणि मग पाहता पाहता सगळं बोलणं पुसलं गेलं. मायलेकींचं जुनं-नवं सारं. पान कोरं झालं.

दिपिका भानावर आली. बायजाबाईंच्या फोनात नूतनचा नंबर बघून तिनं आपल्या फोनवरून तिला साधा फोन लावला. तीन वेळा कट झाला. चौथ्यांदा उचलला.

"नूतनताई, मी हमरापूरची दिपिका. पैसे पाठवू नका. तुमची आई माझ्यापुढं उभी हाय, धडधाकट."

"कोण तुम्ही? आई दवाखान्यात हाय. तिचाच आवाज ऐकला मी."

"पोरी, मी बरी हाय गो," बायजाबाई फोनवर ओरडल्या.

नूतन घाबरलेल्या आवाजात म्हणाली, "आई, तू खरंच तू हायस का?"

बायजाबाईंनी दिपिकाकडे पाहिलं. ज्या आवाजात ही पोर अंगाई ऐकत झोपली होती, तो आता पुरत नव्हता. मग दिपिकानं व्हिडिओ लावला. नूतनला आई दिसली, मागे अंगण, घासलेली पातेली, दारात बांधलेला बैल. ती रडत राहिली. पैसे पाठवायचं बटण तिनं दाबायचंच बाकी ठेवलं होतं. नवरा म्हणाला होता, आधी कुठला दवाखाना ते विचार, म्हणून ती थांबली होती.

दिपिकानं बायजाबाईंच्या फोनात ती तीन टिंबं दाबली. तिथेही एक कॉम्प्युटर होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, आत्ता वापरात. कुठल्या गावात, कुठल्या खोलीत, कुणास ठाऊक, कुणीतरी या क्षणी त्याच्यापुढे बसलं होतं. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि त्याला बाहेर काढलं. बायजाबाई तिच्या खांद्यावरून बघत होत्या.

"गेला?"

"इथनं गेला."

"माझं बोट तूच धरलंवतंस," बायजाबाई म्हणाल्या. रागानं नव्हे, आठवलं म्हणून.

"व्हय मावशी."

आत जाऊन बायजाबाईंनी ताटलीत मोदक आणले आणि दिपिकाच्या पुढे ठेवले. दोघींपैकी कुणीच खाल्ला नाही.

पुढचे दिवस दिपिकानं फोनवर आणि गाडीत काढले. नागोठणे, कोलाड, रोहा, जिथे जिथे मेळाव्यातली बाई होती तिथे ती गेली. काहींच्या फोनात तो बसलेला सापडला, काहींच्या फोनातून काम उरकून आपणच निघून गेला होता. केक करणाऱ्या एकीनं धंदाच बंद केला होता, गिऱ्हाइकं का तुटली ते तिला कळलं नव्हतं. गिऱ्हाइकं तिला खोटारडी म्हणत होती आणि तिला वाटत होतं, आपल्याच केकात काही बिघडलं. विशालचं नाव खोटं निघालं, हॉल घेताना दिलेला पत्ता खोटा निघाला. काळुरामच्या पैशांतला थोडा भाग एका खात्यात अडकलेला सापडला. बाकीचा तपास चालू आहे असं पोलिसांनी सांगितलं, आणि ते खरंही होतं.

दिपिकानं व्हिडिओ टाकणं थांबवलं नाही. थांबवून चालणार नव्हतं, धंदा तसाच होता. पण मनस्वीला ती आता त्यात घेत नाही, आणि गिऱ्हाइकाला आवाजात निरोप पाठवत नाही. मूर्ती ठरवायची तर व्हिडिओवर समोरासमोर बोलायचं, नाहीतर गावात यायचं, असं तिनं सगळ्यांना कळवलं. घरातही ठरलं की कुणी फोनवर पैसे मागितले तर एक शब्द विचारायचा, जो कुठेही लिहिलेला नाही. तो शब्द मनस्वीनं सुचवला. इंदुबाई तो म्हणताना दरवेळी हसतात.

विसर्जनानंतर एकदा काळुरामचा फोन आला. सगळ्या घरांचे गणपती नीट पोचले, आखणीची सगळ्यांनी वाखाणणी केली, हे सांगायला. पण त्याआधी तो जरा घुटमळला.

"ताई, राग मानू नका. तुम्हीच बोलताय ना?"

दिपिकाला राग आला नाही. काय बोललं तर त्याची खात्री पटेल, हे तिला सुचेना. नाव सांगावं तर ते कुणीही सांगेल, गाव सांगावं तर तेही. मग काळुरामसमोर ओट्यावर इंदुबाई जे बोलल्या होत्या ते तिला आठवलं आणि त्याला ऐकू जाईल अशी तिनं आत हाक मारली.

"आई, जरा इकडं या. खांबचे काळुरामभाऊ हायत. त्यांना तुमच्याशी बोलायचंय."